रॉकरचं नाक

"काट्यावर लोखंड चढत नाही," नाना म्हणाले.

मान वर न करताच म्हणाले. समोर गादीवर कन्याशाळेच्या पी.टी.च्या आवटीबाई कानातली निवडत बसल्या होत्या आणि नाना, माझे वडील, त्यांच्यापुढे आरसा धरून होते. मी गॅरेजमधून तशीच, ओढणीला हात पुसत पेढीवर चढले होते. काचेच्या पेटीतल्या काट्यापाशी पोचेपर्यंत माझ्या मुठीत काय आहे ते त्यांनी ओळखलं होतं. मुठीत इंजिनाचे दोन रॉकर होते, एक ॲल्युमिनियमचा आणि एक पोलादाचा.

"ॲल्युमिनियम चालेल?" मी विचारलं.

गुजरीतल्या, म्हणजे सराफांच्या गल्लीतल्या, आमच्या पेढीवर हा प्रश्न तीन पिढ्यांत कुणी विचारला नसावा. नानांनी आरसा खाली ठेवला आणि खरोखरच विचार केला.

"ते लोखंड नव्हे. चालेल."

"आणि पोलाद?"

"पोलाद काय वेगळं असतंय? लोखंडच की ते."

"मग दोन्हीतलं हलकं कुठलं, हे मी ठरवू कसं? आज संध्याकाळी सांगतो म्हणून आलोय मी."

आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना मी आलो, मी जातो असंच म्हणतो. लिहिताना तेवढं सुधारतो. आवटीबाई एक डूल कानात आणि एक हातात धरून आमच्याकडे बघत होत्या. पेढीवर आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा नानांचा धंद्यातला जुना हट्ट. त्यांनी खणातून दागिने गुंडाळायचा गुलाबी कागद काढून माझ्याकडे सरकवला.

"ह्यात बांध. कागदाचं वजन नंतर वजा कर. लोखंड काट्याला लागायचं नाही आणि तुझं कामही होईल."

तीन पिढ्यांच्या नियमाला अशी अर्ध्या मिनिटात पळवाट निघाली. मी पोलादाचा रॉकर कागदात बांधला, पारड्यात ठेवला, वजनं चढवली. ॲल्युमिनियमचा भरला सहासष्ट ग्रॅम. पोलादाचा एकोणऐंशी. तब्बल तेरा ग्रॅमचा फरक, म्हणजे एका तोळ्याहून जास्त. मी इतकी खूश झाले, की आवटीबाईंनीही उत्साहाच्या भरात हातातले लांब लोंबणारे डूलच पक्के केले. तेही त्यांनी बघितलेल्या चार जोडांत सगळ्यात हलके होते. नाना माझ्या हातातल्या रॉकरकडे जरा वेळ बघत राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात बाईंनी डबी मागितली.

ह्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझं सगळं त्या दोन रॉकरांवर येऊन ठेपलं होतं, म्हणून ते आधी सांगते.

नानांना आम्ही तिघी मुली. हिरा, पाचू आणि मी माणिक. पहिल्या दोघी लग्न करून गेल्या. राहिले मी, आणि माझा हात चांगला होता. लहानपणी नाना डोळे मिटायला लावून माझ्या तळव्यावर सोन्याचा तुकडा ठेवायचे आणि वजन विचारायचे. मी अर्ध्या गुंजेच्या फरकानं सांगायचे. नानांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्यामागं काट्यावर माणिक बसणार. आणि माणिकनं काय केलं, तर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि शिरोलीच्या रस्त्यावर इलाही मुल्लाणींच्या गॅरेजमध्ये नोकरी धरली. हे गॅरेज साध्या दुरुस्तीचं नव्हतं. इलाहीभाई शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे, आणि कोइम्बतूरपर्यंतचे लोक त्यांना नावानं ओळखायचे.

नाना रागावले नाहीत. रागावण्यापेक्षा वाईट केलं, करार केला. दसरा ते दसरा एक वर्ष मला गॅरेजला दिलं. तेवढ्यात मी इंजिनं बांधणारी झाले तर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. नाही झाले, तर पेढीवर यायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. मी ताठ मानेनं हो म्हटलं. मग वर्षभर गॅरेजमध्ये पार्ट धुतले, नटबोल्ट निवडले आणि गाड्यांची कार्डं लिहिली. इंजिन बांधायचं टेबल होतं खिडकीखाली. त्यावर इलाहीभाई स्वतः काम करायचे, आणि काम नसेल तेव्हा आपला जेवणाचा डबा ठेवायचे. त्या टेबलाला हात लावायची परवानगी कुणाला नव्हती.

दसरा बारा दिवसांवर आला तेव्हा मीच इलाहीभाईंना धीर करून विचारलं. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि मग डॉक्टरांच्या गाडीकडे बोट केलं.

डॉक्टर मगदूम दातांचे डॉक्टर होते. सोमवार ते शनिवार लोकांचे दात काढायचे आणि रविवारी गाडी पळवायचे. त्यांच्या गाडीत जुनं विलायती तेराशे सीसीचं इंजिन होतं. दोन रविवारांनी एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत होती, आणि त्या इंजिनाला एक खोड लागली होती. मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वर गेलं की ते खोकायचं.

त्यात चूक वॉलची होती. इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वॉल असतात, आणि प्रत्येक वॉलच्या डोक्यावर एक रॉकर, म्हणजे हातभर नव्हे, बोटभर लांबीची सी-सॉ. मधल्या भोकातून शाफ्ट जातो. एका टोकाला खालून दांडी ढकलते, दुसरं टोक वॉल दाबतं. ह्या दुसऱ्या टोकाला इलाहीभाई नाक म्हणायचे. दाबलेला वॉल परत मिटवायचं काम स्प्रिंगचं. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंगला ते सगळं वजन वेळेवर परत आणता येत नाही, वॉल मिटायच्या आत पुढचा दणका येतो आणि इंजिनाला खोकला लागतो. कडक स्प्रिंगा टाकून बघितल्या, तर खालून दांडी उचलणारा कॅमच झिजला. तेव्हा एकच उपाय उरला. रॉकर हलके करायचे.

दोन सेट आले होते. डॉक्टरांनी मुंबईहून ॲल्युमिनियमचे आणले होते, चांदीसारखे चमकणारे, नाकाला छोटं फिरतं चाक बसवलेले. इलाहीभाईंनी कोइम्बतूरच्या एका दोस्ताकडून पोलादाचे मागवले होते, काळपट, साधे, आठ आणि वर एक जादा.

"तू ठरव," इलाहीभाई मला म्हणाले होते. "मी सांगणार नाही, डॉक्टर सांगणार नाहीत. साडेसात हजारावर इंजिन खोकलं नाही, तर खिडकीखालचं टेबल तुझं."

म्हणून मी काट्याकडे धावले होते. दुसरं कुणी असतं तर पुस्तक उघडलं असतं. सोनाराची पोर काटा शोधते.

मंगळवारी संध्याकाळी मी गॅरेजमध्ये जाहीर केलं की ॲल्युमिनियम, तेरा ग्रॅमनं हलके, गुजरीच्या काट्यावर मोजलेले. डॉक्टर तर खूशच झाले. त्यांना ते चमकतात म्हणूनच आवडले होते. इलाहीभाई फक्त बरं म्हणाले. बुधवारी मी स्वतः आठही रॉकर बसवले, फटी मोजल्या, झाकण लावलं आणि इंजिन चालू केलं. पाच हजार, सहा हजार, अगदी सुरेल. सहा हजार आठशेला खोकलं.

सात हजाराला खोकणारं इंजिन माझ्या हातून सहा हजार आठशेला खोकायला लागलं होतं. मी दोनदा पुन्हा बघितलं. दोन्ही वेळा तेच. डॉक्टर दवाखान्यात पेशंट आहे असं सांगून निघून गेले.  इलाहीभाईंनी माझ्यासाठी चहा सांगितला, तोही स्पेशल, आणि मला त्या चहाचाच जास्त राग आला. ते चिडले असते तर मी भांडले तरी असते.

रात्रभर मी हिशेब करत होते की चूक कुठं झाली, आणि एकच उत्तर निघत होतं. वजनात चूक झाली असणार. कागदाचं वजन मी कमी धरलं असेल. गुरुवारी दुपारी दोन्ही रॉकर घेऊन पुन्हा पेढीवर गेले. दसऱ्याला सहा दिवस राहिले होते. पोलादाचे रॉकर बसवून बघायचे तर बघ, पण निवड एकदाच बदलता येईल, एवढंच इलाहीभाईंनी निघताना सांगितलं होतं.

पेढीवर आवटीबाई आधीच येऊन बसल्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही कान लाल झाले होते.

"हलके म्हणून घेतले हो नाना," त्या सांगत होत्या. "नुसतं बसलं की कळत पण नाहीत. पण दसऱ्याच्या कार्यक्रमाचं लेझीम बसवालोय आम्ही. दोन दिवसांत कान तुटायची वेळ आली."

नानांनी डूल परत घेतले आणि खणातून दुसरी कानातली काढली, कुड्यांसारखी, पाळीला घट्ट बसणारी. बाईंनी ती हातात घेऊन लगेच तक्रार केली की ही तर जड आहेत.

"दोन ग्रॅमनं जड हायत," नाना म्हणाले. "घाला आणि नाचा."

दुसऱ्या कुठल्या बाई लाजल्या असत्या. आवटीबाई पी.टी.च्या. त्यांनी कानातली घातली, पेढीच्या पायरीखाली उतरल्या, आणि भर गुजरीत हातात लेझीम आहे असं धरून चार हात करून दाखवले, खाली वाकून, उठून, गिरकी घेऊन. समोरच्या पेढीवरची गिऱ्हाइकं उभी राहून बघायला लागली. बाई परत वर आल्या त्या कान चाचपत.

"लागतच नाहीत की," त्या म्हणाल्या. "जड असून?"

"त्याचं वजन टोकाला लोंबत होतं. ह्याचं पाळीला चिकटलंय. उभ्या बाईला हलकं-जड तेवढं कळतंय. नाचणाऱ्या बाईला वजन किती त्याच्यापेक्षा कुठं, ते कळतंय."

बाई खूश होऊन गेल्या. नानांनी डूल पुसून खणात ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं की काय झालं. मी सांगितलं. सहा हजार आठशे, चहा, सगळं. आणि वजन पुन्हा करून बघायचंय म्हणाले.

"वजन बरोबर होतं," नाना म्हणाले. "मी बघत होतो. तुझं इंजिन उभं असतंय का नाचतंय?"

मी हातातल्या ॲल्युमिनियमच्या रॉकरकडे बघितलं. अंग कसं छान हलकं, पोकळ केलेलं. आणि नाकाशी पोलादाचं चाक, त्या चाकात पोलादाचीच पिन, पिनेला दोन्हीकडून क्लिपा. सगळं वजन टोकाला लोंबत होतं. पोलादाच्या रॉकरचं वजन भोकाभोवती होतं, नाक बारीक. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलेलं होतं, फिरणाऱ्या वस्तूत वजन मध्यापासून किती लांब त्यावर सगळं असतं म्हणून. त्याचं गणित मी परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. पण काटा दिसला आणि मी सोनाराची झाले.

नानांनी एक जाड तार घेतली, रॉकरच्या भोकातून घातली आणि तारेची दोन्ही टोकं धरून मला नाकाला टिचकी मारायला सांगितली. ॲल्युमिनियमचा आळसावून हलला. मग पोलादाचा घातला. तो टिचकीसरशी गेला आणि बोटाला थांबवायलाही सोपा वाटला. मी चारपाच वेळा करून बघितलं, उगीचच, हसत हसत. नानाही हसले.

मग मला एकदम आठवलं.

"तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मंगळवारी तू वजन विचारलंस. मी वजन करू दिलं," नाना म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि रस्त्याकडे बघितलं. मग माझ्या हातून पोलादाचा रॉकर घेतला. "ह्याचं नाक बारीक हाय, पण अजून बारीक होईल. इथं एवढी जाडी कशाला ठेवलीया?"

त्यांनी कानस उचलली. सोनाराची कानस, काडीपेटीतल्या काडीहून जरा मोठी. आणि मांडीवर पसरायचं कातडं घ्यायला हात घातला, तो मध्येच थांबवला. त्या कातड्यात सोन्याचा कीस पडतो. त्यात लोखंड पडून कसं चालेल? मग त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर बसले. पहिला घेतला तो जादाचा नववा रॉकर, हात बसवायला. नाना घासत गेले, घासत गेले, आणि असं देखणं नाक काढलं की नथीत शोभावं. मी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"नाना, हा गेला. एवढं बारीक केल्यावर दहा मिनिटांत मोडेल."

"मग आधी सांगायचं नाही व्हय?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

मग मी गॅरेजमधून बाकीचे आठ घेऊन आले आणि आमचं खरं काम सुरू झालं. मी प्रत्येक रॉकरवर खडूनं खुणा केल्या. खालची बाजू वॉलवर घासते, तिथं हात लावायचा नाही. भोकाच्या आसपास नाही. फक्त नाकाच्या दोन्ही कुशी, आणि त्याही एवढ्याच. मी सांगत होते आणि नाना ऐकत होते, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. गुरुवारची दुपार, शुक्रवारचा पूर्ण दिवस. गिऱ्हाईक आलं की नाना उठायचे, पाटल्या दाखवायचे, हात पुसून परत वर्तमानपत्रावर. प्रत्येक रॉकर गुलाबी कागदात बांधून काट्यावर चढत होता, आठही एकमेकांशी गुंजेच्या आत जुळेपर्यंत. मग तारेवर घालून टिचकी. नवऱ्या मुलीच्या बांगड्या जुळवतानाही नानांनी एवढी किटकिट केली नसेल.

शुक्रवारी संध्याकाळी आठ रॉकर आठ डब्यांत घालून त्यांनी माझ्याकडे दिले. अंगठी द्यायच्या डबीसारख्या मखमली डब्या होत्या त्या. मी म्हटलं, डब्या कशाला, ते गॅरेजवाले हसतील. नाना म्हणाले, हसू देत.

हसले. शनिवारी डॉक्टरांनी एक डबी उघडली, आत काळपट रॉकर बघितला आणि लग्न कुणाशी ठरलं म्हणून इंजिनालाच विचारलं. इलाहीभाईंनी मात्र रॉकर बाहेर काढला, नाकाच्या कुशीवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा फिरवला.

"हे कुणी घासलं?"

"नानांनी. खुणा माझ्या."

त्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले. मी बसवले.  चालू केलं. सहा हजार आठशे गेलं. सात हजार गेलं.  साडेसात हजार, स्वच्छ, एका सुरात. सात हजार आठशेपर्यंत नेऊन मी पाय काढला, कारण डॉक्टर मोठमोठ्यानं ओरडत होते आणि मला काही ऐकू येईना.

मी झाकण पुसत होते तेव्हा इलाहीभाई खिडकीखालच्या टेबलाकडे गेले. डबा उचलला, टेबल फडक्यानं पुसलं, आणि डबा दारामागच्या स्टुलावर नेऊन ठेवला. एवढंच केलं. मी पार्ट धुवायच्या टाकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि गॅरेजमध्ये रडायचं नाही असं मी वर्षापूर्वीच ठरवलं होतं.

रविवारी शर्यतीला नानाही आले. धोतर, काळी टोपी, हातात थालीपिठांचा डबा आणि कानांत मोत्यांच्या डबीतला कापूस. डॉक्टर चौदा फेऱ्यांतल्या दहा फेऱ्या पुढं होते. मग एका वळणावर त्यांनी घातला तो गिअर चुकला आणि ते तिसरे आले, पण गाडीतून उतरताना असे उतरले की जणू पहिल्या तिघांत तेच तिघे. इंजिन एकदाही खोकलं नव्हतं. नानांनी कानातला कापूस काढून मला विचारलं, इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या झाल्या. मी सांगितलं, सात हजार सातशे.

"आणि आपलं नाक किती वेळा हललं?"

"निम्म्या. तीन हजार आठशे पन्नास."

"एका मिनिटात," नाना स्वतःशीच म्हणाले. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही तो आकडा सांगितला. तो माणूस पंक्चर काढणारा होता आणि त्याला काही कळलं नाही, तरी नानांनी पुन्हा सांगितला.

दसरा बुधवारी होता. पण करार नानांनी केला होता, आणि करार संपल्याचं त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. टेबल मला मिळालं होतं, करार मी जिंकले होते, तरी मला सुख नव्हतं. नाना बासष्ट वर्षांचे होते. शुक्रवारी शेवटचा रॉकर घासताना त्यांचा हात किती दुखत होता ते मी बघितलं होतं. काट्यावर आता कोण बसणार, ह्या विचारानं मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

मंगळवारी खंडेनवमी. गॅरेजमध्ये पान्यांना फुलं वाहिली, इलाहीभाईंनी नारळ वाढवला, आणि मी ओंजळभर झेंडू घेऊन पेढीवर आले. नानांनी हत्यारं मांडली होती. कानशी, चिमटे, हातोडी, फुंकणी. मधोमध काचेची पेटी उघडून काटा ठेवला होता. उजव्या पारड्यात दरवर्षीप्रमाणे सोन्याची मोहर होती. डाव्या पारड्यात तो नववा रॉकर होता, बिघडलेला, नथीसारख्या नाकाचा. त्याला हळदीकुंकू लागलं होतं. खाली कागद नव्हता.

"नाना," मी म्हटलं, "काट्यावर लोखंड?"

"ते लोखंड नव्हे. हत्यार हाय."

मी झेंडू वाहिला. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक उंच, लाजरा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला आणि मला नमस्कार केला. नानांच्या चुलतभावाचा मंगेश, गडहिंग्लजचा, नुकताच पदवीधर झालेला. नाना म्हणाले, हा आजपासून काट्यावर बसणार. सकाळच्या गाडीनं आला. हाताला बरा आहे, तुझ्याएवढा नाही, पण शिकेल.

माझा जीव भांड्यात पडला. मी हसत मंगेशला म्हटलं की दोन दिवसांत बरं निघता आलं, रविवारी नानांनी कुणाकडून निरोप पाठवला?

"निरोप नाही, कार्ड आलं की," मंगेश म्हणाला. "शनिवारी मिळालं. गुरुवारी संध्याकाळी टाकलेलं."

मी नानांकडे बघितलं. ते उदबत्तीची राख झटकत होते. गुरुवारी संध्याकाळी माझ्याजवळ काय होतं? सहा हजार आठशेला खोकणारं इंजिन, आणि खडूच्या खुणा केलेले पोलादाचे तुकडे. नुसते गप्प बसले असते तरी सहा दिवसांत मी त्यांच्या काट्यावर येऊन बसले असते. त्यांनी आधी मला वजन कुठं असतं ते सांगितलं, आणि मग चौकात जाऊन कार्ड टाकलं.  मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर त्यांनी मला कोपराला धरून उठवलं, गडबडीनं, जसं काही गिऱ्हाईक खोळंबलंय.

"हे राहिलंय तुझं," ते म्हणाले आणि खणातून एक गुलाबी पुडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली.

सवयीनं मी डोळे मिटले. "सोळा ग्रॅमच्या आत," मी म्हटलं.

"उघड."

आत लोखंडाचा कीस होता, काळा, बारीक. वर्तमानपत्रावरून त्यांनी तो लोहचुंबकानं कणन्कण गोळा केला होता. सोनार घासतो तेव्हा पडलेला कीस ज्याचा माल त्याला परत करायचा असतो. आमच्या पेढीवर त्यात कधी कसूर झाली नाही. पुडीवर नानांच्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: लोखंड, १५ ग्रॅम ९००. परत. आणि खाली: गिऱ्हाईक, माणिक पोतदार, इंजिनवाल्या.

ती पुडी खिडकीखालच्या टेबलाच्या खणात आहे. मंगेश अजून काट्यावर बसतो.